बदललेला खांदा आणि आज्जींचा अंबाडा: व्यायाम माणसाच्या मापाने कसा बेतायचा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गुडघे बदललेली माणसं रोज येतात. खांदा बदललेलं, म्हणजे तिथे कृत्रिम सांधा बसवलेलं माणूस महिन्या-दोन महिन्यांतून एखादं. येताना त्याच्या हातात घडी घातलेला एक कागद असतो. त्यावर आठवडे छापलेले असतात: पहिले ६ आठवडे हात गळ्यात बांधायचा पट्टा, मग काठीचा व्यायाम, १२ आठवड्यांनंतर रबरी पट्टी. मागे एका आज्जींनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्यातलं सगळं करतो मी. पण अंबाडा कवा घालायचा, ते कुठं लिवलंय?"

आमच्याकडच्या बायका 'करतो, जातो'च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये. आज्जींचा प्रश्न मात्र सोळा आणे खरा होता. तो कागद खांद्यासाठी लिहिलेला होता, आणि आज्जी आल्या होत्या अंबाड्यासाठी, भाकरीसाठी, परड्यातल्या म्हशीसाठी. हा लेख घरच्यांसाठी आहे: मुलगा, सून, नवरा, जो कोणी व्यायाम करून घेणार आहे त्याच्यासाठी. नवीन फिजिओंनीही वाचला तर हरकत नाही.

आधी सर्जनकडून चार गोष्टी काढून घ्या

'खांदा बदलला' एवढ्यावर व्यायाम ठरत नाही. डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, बिलाची रांग असते, तरी थांबा आणि विचारा. सांधा साधा बसवला की उलटा? पुढचा स्नायू कापून परत शिवलाय का? मोडलेली हाडं जोडलीत का, आणि हाड कसं होतं, टणक की भुसभुशीत? ऑपरेशनच्या टेबलावर हात कुठपर्यंत निर्धास्त जात होता? उत्तरं कागदावर लिहून घ्या, नाहीतर घरी येईपर्यंत प्रत्येकाच्या लक्षात वेगळं राहतं.

साध्या प्रकारात निसर्गाची मांडणी तशीच ठेवतात: दंडाच्या हाडावर धातूचा गोळा, खवाटीच्या (खांद्यामागच्या पसरट हाडाच्या) बाजूला प्लॅस्टिकची वाटी. आत जाण्यासाठी खांद्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस नावाचा स्नायू बहुतेकदा सोडवावा लागतो आणि शेवटी परत शिवतात. पहिले ६ आठवडे सगळी राखण त्या शिवणीची. कोपर अंगाला लावून हात बाहेर फिरवायचा तो सर्जनने सांगितलेल्या अंशापर्यंतच. पुष्कळदा ही हद्द ३० अंशांच्या आसपास असते, पण तुमच्या माणसाचा आकडा तुमच्या सर्जनचाच. त्याच हाताने पोट दाबणं, जड दार ओढून घेणं, कपाटाचा गच्च बसलेला खण खेचणं, सगळं बंद. ही कामं तोच शिवलेला स्नायू करतो.

उलटा म्हणजे रिव्हर्स. यात गोळा खवाटीला आणि वाटी दंडाला. फ्रान्समधल्या पॉल ग्रामाँ या सर्जनने १९८५ च्या सुमारास ही रचना चालती केली. खांदा फिरवणाऱ्या आतल्या स्नायूंच्या दोऱ्या तुटून गेल्या असतील, तर साधा सांधा बसवूनही हात वर जात नाही. उलट्या मांडणीत सांध्याचा मध्य आत आणि खाली सरकतो, त्यामुळे खांद्यावरच्या जाड डेल्टॉइड स्नायूला पहारीसारखा लांब दांडा मिळतो आणि तो एकटा हात उचलतो. म्हणून इथे व्यायाम म्हणजे डेल्टॉइडला नवीन नोकरी शिकवणं. यातला धोकाही वेगळा: कोपर मागे, दंड अंगालगत आणि तळहात पाठीकडे वळलेला, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की सांधा निखळू शकतो. १२ आठवडे ही मुद्रा करायची नाही.

फ्रॅक्चरनंतर सांधा बदलला असेल तर हाडाचे तुकडे सांध्याभोवती बांधलेले असतात. ते जुळल्याचं एक्स-रेत दिसेपर्यंत स्वतःच्या जोरावर हात उचलायची घाई नको. नुसता गोळा बदललेले, वाटी तशीच ठेवलेले रुग्णही असतात. त्यांचेही नियम बरेचसे याच शिवणींवर ठरतात.

माणसाचा दिवस लिहून काढा

माझी एक चूक सांगते. कागल बाजूचे एक काका, डावा खांदा, उलटा सांधा. कागदावर ठळक लिहिलं होतं, 'हात पाठीमागे नेऊ नका.' मीही दोनदा बजावलं होतं. पाचव्या आठवड्यात काका सोप्यात जमिनीवर घोंगड्यावर बसले होते, दारात पाहुणा आला म्हणून उठले. उठताना डावा तळवा मागे जमिनीला टेकला आणि जोर दिला. खट् झालं. सर्जनने भूल देऊन सांधा परत बसवला, पुढचं सगळं लांबलं. काका मला शपथेवर सांगत होते की हात पाठीमागे नेलाच नाही. आणि त्यांच्या हिशेबाने खरंच नेला नव्हता, जमिनीला टेकवला होता. ते घरी कुठे बसतात, कसे उठतात, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या भेटीत मी व्यायाम देत नाही. वही उघडते आणि विचारते, "पहाटे डोळे उघडल्यापासून सांगा." त्यात कुठल्या कामाला कुठला हात, बसणं जमिनीवर की खाटेवर, संडास कुठला, आंघोळीचं पाणी कोण काढतं, धार कोण काढतं, असं सगळं येतं. घरच्यांनी ही वही ऑपरेशनच्या आधीच भरली तर सोनंच, कारण काही गोष्टींची तालीम आधी लागते.

सगळ्यात अवघड गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. डावा खांदा असेल तर शौचाला धुवायचं कसं? मागून हात नेऊन धुणं म्हणजे उलट्या सांध्याची नेमकी ती निषिद्ध मुद्रा, आणि साध्या सांध्यातही पुढच्या शिवणीवर ताण. ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधीपासून उजव्या हाताने धुवायची सवय लावा. मन धजत नाही, हे मला ठाऊक आहे, एका आजोबांनी तर "मग जेवू कशानं?" असं विचारलं होतं. साबण आहे, आजोबा. जेट स्प्रे बसवला तर काम निम्मं हलकं होतं. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते, आणि ऑपरेशन न झालेल्या हाताच्या बाजूला भिंतीत दांडा ठोकून घ्या.

जमिनीवर बसणं १२ आठवडे बंद, पंगतीतसुद्धा. खुर्ची उंच हवी. पुढच्या काठावर सरकायचं, पाय आत ओढायचे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. हाताचा आधार लागलाच तर चांगल्या हाताचा. रुग्ण वॉकर घेऊन चालत असेल तर ते सर्जनला ऑपरेशनआधीच सांगा, कारण वॉकरवर अंगाचा भार दोन्ही खांद्यांतून जातो. चांगल्या हातात काठी देऊन भागतंय का, ते आधी बघून ठेवावं लागतं.

झोपेचं असं करा. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसतं झोपवा आणि दंडाखाली वाकळेची घडी ठेवा. खूण सोपी आहे: उताण्या माणसाला मान न उचलता स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर दंड मागे पडलाय, घडी जाड करा.

कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना तोच शेवटी. बायकांनी पुढे हुकांचा, बाह्या सैल असलेला ब्लाउज आधीच शिवून ठेवावा. निऱ्या खोचणं पुढून जमतं, मागून पदर ओढून घेणं दुसऱ्याला करू द्या. पुरुषांनी पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घालावं आणि शर्ट खोचायचा नाद सोडावा.

पहिले ६ आठवडे: कमी करणं हेच काम

पहिल्या दिवशी हात लाकडासारखा बधिर असतो. मानेजवळ दिलेल्या इंजेक्शनचा तो परिणाम, साधारण दिवसभरात उतरतो. घाबरू नका, पण हात लोंबकळू देऊ नका. बोटं हलायला लागली की मूठ उघड-मीट, मनगट वर-खाली, हे तासातासाला. पट्ट्यात राहून कोपर आखडतं, म्हणून दिवसातून तीन-चारदा पट्टा सैल करून कोपर सरळ-वाकडं करा. दंड अंगालगत, मागे नाही. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून १५ ते २० मिनिटं. त्या हाताने उचलायची सगळ्यात जड वस्तू म्हणजे चहाचा कप, तोही सर्जनने परवानगी दिल्यावर.

सर्जनने सांगितलं की चांगल्या हाताने दुखरा हात उचलायचा, उताणं झोपून. हात समोर नाही आणि बाजूलाही नाही. दोन्हींच्या मधे, ताट पुढे आलं की हात जातो त्या तिरक्या दिशेने. काठी लागली तर विकत कशाला घेता? आमच्याकडे उसाचं तासलेलं कांडं चालतं, हातभर रुंदीच्या पकडीला पुरेल एवढं.

इथे दोन माणसांना मी अगदी वेगळं वागवते. एक माझे पैलवान काका, वय ६४, संधिवाताने झिजलेला उजवा खांदा, साधा सांधा. ऑपरेशननंतर वर्षानुवर्षांचं हाडाचं दुखणं एकदम गेलं. दुसऱ्या आठवड्यात ते पट्टा गळ्यात उपरण्यासारखा टाकून आले! अशा माणसाला व्यायाम शिकवायचा नसतो, अडवायचा असतो. मी म्हटलं, "वस्ताद, नवा पोरगा तालमीत आला की पहिल्या दिवशी जोडीला सोडता का?" म्हणाले, "छे. आधी हौद्यातली माती उकरायची." "मग तुमचं हे माती उकरणं चाललंय." त्यांना मोजायला काहीतरी हवं होतं, म्हणून पायांचं काम दिलं: पट्टा बांधून रंकाळा तलावावर सकाळी चालणं, गर्दी व्हायच्या आत, कोणी गळ्यात पडणार नाही अशा वेळी. हाताचे आकडे मी कमी ठेवले आणि वहीवर त्यांची सही घेतली.

दुसऱ्या त्या अंबाड्याच्या आज्जी. वय ७२, पावसात अंगणात शेवाळावरून घसरल्या, दंडाचं हाड वरच्या टोकाला चुरलं, उलटा सांधा. त्या इतक्या भ्यालेल्या की बोटंसुद्धा हलवत नव्हत्या, बोटं सुजून भज्यासारखी झाली होती. त्यांना मोठा व्यायाम नकोच होता. त्यांच्या हातात जपमाळ दिली. एक मणी, एक मूठ. तीन दिवसांत सूज उतरली.

दुखणं किती चालेल: आण्यांत मोजा

'१० पैकी किती दुखतं' हा प्रश्न शहरातल्यांना कळतो. गावाकडच्या म्हाताऱ्यांना मी आणे विचारते. सोळा आणे म्हणजे सहन न होणारं. व्यायामात चार आणे दुखलं तर चालू ठेवा. आठ आण्यांवर गेलं की थांबा. तासाभरात पहिल्यासारखं झालं तर माप बरोबर होतं. रात्री त्या दुखण्याने जाग आली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. आणि दुखणं लपवणारे पैलवान असतात, वाढवून सांगणारेही असतात, म्हणून तोंडाकडे बघून दोन आणे तुम्ही मनाने वजा-बेरीज करा.

मधुमेहाच्या रुग्णाचा खांदा लवकर आखडतो. त्यांना एकदम अर्धा तास नको, पाच-पाच मिनिटं दिवसातून पाच-सहा वेळा, आणि साखरेची वही माझ्या वहीच्या शेजारी. तंबाखू-मशेरी सोडायला सांगणं माझं काम, सोडणं त्यांचं. जखम आणि हाड दोन्ही तिच्यामुळे उशिरा भरतात.

६ आठवड्यांनंतर: उशा, तांब्या आणि भाकरी

एक्स-रे बघून सर्जनने हो म्हटलं की हात स्वतःच्या ताकदीवर. उभं राहून लगेच हात वर करायला लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. उताणं झोपून कोपर वाकवून सुरुवात करा. वाकलेल्या हाताचं ओझं कमी असतं. १० वेळा नीट जमलं की पाठीखाली एक उशी, मग दोन, मग तीन, मग खुर्चीत. दर पायरीला आरशात बघा, हात वर जाताना खांदा कानाकडे पळतोय का? पळत असेल तर एक उशी काढा. आज्जींना तीन उशांपर्यंत यायला महिना लागला. पैलवान काका आठवड्यात खुर्चीत होते.

आता वहीतली कामं बाहेर काढायची. आज्जींची भाकरी बघा. आपण 'भाकरी करणं' म्हणतो, पण खांद्याच्या दृष्टीने ती चार कामं आहेत. पीठ मळणं म्हणजे अंगाचा भार तळव्यातून खाली दाबणं, ते १२ आठवड्यांच्या आत सुनेकडे. थापणं म्हणजे कोपर खाली, हात पुढे, मनगटाचा खेळ. हे आठव्या आठवड्यात कमरेएवढ्या ओट्यावर, पुरीएवढ्या गोळ्यापासून. तव्यावर टाकणं दोन्ही हातांनी. तवा उतरवणं चांगल्या हाताने. आज्जींनी पहिली भाकरी थापली ती तळहाताएवढी होती. "ही काय भातुकलीतली भाकरी हाय का," म्हणून स्वतःच हसल्या. व्यायाम म्हणून दिलेल्या काठीपेक्षा या परातीने त्यांचा हात जास्त मोकळा झाला, असं माझं मत आहे.

धार काढणं उशिरा. पिळायला बोटं-मनगट लागतात, ते लवकर तयार होतं, पण म्हशीने पाय झाडला तर माणूस झटक्यात मागे हात टेकतं. निदान तीन महिने तरी गोठ्यात बघ्याची भूमिका.

वजन वाढवायला डंबेल नको. १२ आठवड्यांनंतर रिकामा तांब्या, मग पाव भरलेला, मग अर्धा. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी म्हणजे साधारण अर्धा किलो, घरात रोज येते. आधी कमरेपासून छातीपर्यंत, मग छातीपासून फडताळाच्या खालच्या फळीपर्यंत. उलट्या सांध्याच्या, हाड ठिसूळ असलेल्या बायकांत ही वाढ फार सावकाश करा. डेल्टॉइडचा ओढा खांद्याच्या माथ्यावरच्या हाडावर पडतो आणि तिथे बारीक तडा जाऊ शकतो. ठणठणीत असलेल्या बाईला अचानक माथ्यावर बोट ठेवता येईल असं दुखायला लागलं, तर व्यायाम त्याच दिवशी बंद आणि सर्जनला फोन.

अंबाडा मी खरंच शेवटी ठेवला. डोक्यामागे हात न्यायला तो नुसता उचलून भागत नाही, बाहेरही फिरवावा लागतो, आणि फिरवणाऱ्या दोऱ्या गेलेल्या असतील तर ती ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. हे आज्जींना मी स्पष्ट सांगितलं. मग आम्ही अंबाडाच खाली आणला: मानेवर, थोडा चांगल्या हाताच्या बाजूला, मान पुढे वाकवून. पीळ डाव्या हाताने, बदललेला उजवा फक्त केसांचा आकडा धरायला. पाचव्या महिन्यात जमला.

पैलवान काकांना दंड मारणं आणि मुदगल फिरवणं कायमचं बंद. साध्या सांध्यात खवाटीची वाटी पुढे वर्षांनी सैल होणं हीच मोठी अडचण असते, आणि झटके तिला सैल करतात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेत उंच सासनकाठी धरायची त्यांची इच्छा होती. मी नाही म्हटलं, सर्जननेही नाही म्हटलं. काठी पुतण्याने धरली, काका गुलालात पुढे चालले. जड किती उचलायचं याचा आकडा सर्जनकडून घ्या, अंदाजाने नको. गाडी पट्टा असताना अजिबात नाही. नंतरही झटक्यात हँडल वळवता येतंय, हे बघूनच.

लांबच्या माणसाचं काय

गगनबावड्याकडून पावसात रोज कोण येणार? एसटीत वरचा दांडा धरायचा नाही, मग धक्के खात उभं राहायचं कसं? अशांना मी पाच-सहा भेटींत बसवते: पट्टा असताना एक-दोन, पट्टा सुटताना, स्वतःच्या जोरावर सुरू करताना, वजन सुरू करताना, आणि सहा महिन्यांनी. मधे सुनेने मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा. समोरून नको, बाजूने आणि पाठीमागून, ब्लाउज किंवा बनियनवर, म्हणजे खवाटी दिसते. भिंतीवर कॅलेंडरशेजारी खडूने बोट पोचलं तिथे रेघ आणि तारीख. रेघ दोन आठवडे हलली नाही तर फोन करा. खाली आली तर त्याच दिवशी करा.

फोन माझ्याआधी सर्जनला करायचा तो अशा वेळी: ताप, जखमेतून पाणी किंवा पू, खट् आवाज होऊन हात एकदम उचलेनासा होणं, दंडाच्या बाहेरच्या बाजूला नव्याने बधिरपणा, हात किंवा पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं. शेवटच्या दोन्हींत फोनवर बसू नका, सरळ इमर्जन्सीत. खांद्यातला जंतुसंसर्ग कधीकधी तापाशिवाय, महिन्यांनी, नुसतं न जाणारं दुखणं म्हणून येतो. 'वारं धरलंय' म्हणून तेल चोळत बसू नका.

साध्या हालचाली बहुतेकांच्या सहा महिन्यांत जमतात, ताकद वर्षभर वाढत राहते. सहा महिन्यांनी मी वही परत उघडते आणि पहिल्या पानावरची कामं एकेक करून विचारते. आज्जींच्या वहीत अजून एक ओळ रिकामी आहे: देवघराच्या वरच्या कोनाड्यातला दिवा. मी कोनाडा खाली घ्यायला सुचवलं. आज्जी म्हणाल्या, "देव खाली घेत न्हाईत, मॅडम. हात वर जाऊ दे." म्हणून पुढच्या गुरुवारी परत यायला सांगितलंय, तांब्या पाऊण भरून.